दहा इंच

भिंतीवर टीव्ही बसवणारे शहरात पुष्कळ होते, पण बेचाळीस एकच. हे नाव त्याला धंद्यातल्याच लोकांनी ठेवलं होतं आणि त्यात चेष्टा कमी, कबुली जास्त होती. पडद्याचा मध्य जमिनीपासून बेचाळीस इंचांवर, हा त्याचा हेका. माणूस सोफ्यावर टेकून बसला की त्याचे डोळे साधारण बेचाळीस इंचांवर येतात, आणि डोळे जिथे येतात तिथेच पडद्याचा मध्य यायला हवा. बाकी सगळ्या दुकानदारांच्या बाता. तरी डोळे मिटून भोकं पाडणाऱ्यांतला तो नव्हता. आधी वर्तमानपत्राचा कागद टीव्हीच्या मापाचा कापायचा, चिकटपट्टीनं भिंतीला लावायचा, घरच्यांना एकेक करून सोफ्यावर बसायला सांगायचं, कागद दोन बोटं वर, दोन बोटं खाली करून बघायचा, आणि मग पेन्सिलची खूण. एकोणीस वर्षांत त्यानं बसवलेला एकही टीव्ही काढून पुन्हा बसवावा लागला नव्हता. हे तो कुणी न विचारता सांगायचा.

अशा माणसाच्या सख्ख्या आईच्या घरी टीव्ही दुसऱ्याच कुणीतरी बसवावा, म्हणजे आचाऱ्याच्या घरी शेजारून डबा यावा तसं झालं.

त्याचं असं झालं की बेचाळीस बारा दिवस परगावी होता. एका नव्या हॉटेलात छत्तीस खोल्या, छत्तीस टीव्ही, आणि मालक डोक्यावर बसलेला. परत आल्यावर गुरुवारी संध्याकाळी नेहमीसारखा तो आईकडे गेला. आई एकटी राहायची, दोन खोल्यांत. वरच्या मजल्यावर ताई आणि भाऊजी, त्यामुळे एकटी म्हणायचं ते नावालाच. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर नवाकोरा टीव्ही. आईला सत्तर पूर्ण झाल्याची ताईकडून भेट. तिथपर्यंत ठीक होतं. त्यानंही आईला एक चांगली शाल आणली होती, ती पिशवीतच राहिली.

“हा लावला कुणी?” त्यानं विचारलं.

“डॉक्टरांनी.” आई जावयांना डॉक्टरच म्हणायची. “रविवारी. अर्धा दिवस गेला त्यांचा, पण कसा सरळ लावलाय बघ.”

भाऊजी डॉक्टर होते ते दातांचे. बेचाळीसच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

“मला एक फोन करायचा ना.”

“तू कामावर. आणि ताईला कुठला धीर. मला म्हणाली, सत्तरी सरून जाईल टीव्हीची वाट बघत.”

आई हसली. हसली की तिचे दात दिसत, आणि ते दातसुद्धा भाऊजींनीच बसवलेले. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिला कवळी करून दिली होती, इतकी बेमालूम की ओळखीचे लोकही फसत. आपल्या विनोदाला आई हसते आणि दिसतं ते जावयाचं कसब, हे बेचाळीसला दर गुरुवारी सोसावं लागे. तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आई गुडघ्याचं डॉक्टरांना विचारायची, चष्म्याचं डॉक्टरांना विचारायची, पांढऱ्या कपड्यांवरचा गंजाचा डाग कसा काढायचा तेही डॉक्टरांनाच. दातांच्या डॉक्टराला गंजातलं काय कळतं? पण भाऊजी शांतपणे ऐकून घेत, दोन प्रश्न विचारत आणि काहीतरी असं सांगत की डाग निघायचा. बेचाळीस त्यांना पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होता. अडचण एवढीच होती की भाऊजी भांडायलाही जागा ठेवत नसत.

त्यानं पिशवीतून पाणसळ काढली, टीव्हीच्या वरच्या कडेवर ठेवली. आतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. त्यानं पाणसळ बोटानं टिचकावली. बुडबुडा हलला आणि परत मध्येच येऊन बसला. मग त्यानं टीव्ही हलवून पाहिला. जागचा हलत नव्हता. वायरी एका पांढऱ्या पट्टीत घालून अशा नेल्या होत्या की भिंतीवर नुसती एक रेघ दिसावी. भोकांच्या कडांना चुन्याचा टवकाही उडालेला नव्हता. जन्मभर लोकांच्या दाढा कोरणाऱ्याचा हात, तो कशाला चुकेल? बेचाळीसला स्वतःच्या धंद्यात इतकं स्वच्छ काम फार थोड्या लोकांचं पाहिल्याचं आठवत होतं, आणि ते त्यानं मोठ्यानं कबूल करायचा प्रश्नच नव्हता.

मग त्यानं टेप सोडली. जमिनीपासून पडद्याच्या मध्यापर्यंत बावन्न.

त्यानं पुन्हा मोजलं. बावन्नच. बारा दिवसांच्या दगदगीनंतर पहिल्यांदाच त्याच्या जिवाला थंडावा मिळाला.

“दहा इंच वर गेलाय,” तो म्हणाला.

“मला तर बरा दिसतो.”

“दिसणारच. पण मानेचं काय? रोज तीन-तीन तास मान वर करून बसशील, महिन्याभरात पट्टा लागेल गळ्याला. मी रोज बघतो असली घरं.”

“मला काही त्रास होत नाही रे,” आई म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून पुढे म्हणाली, “अजून तरी.”

तो तसाच वर ताईकडे गेला. भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसून चष्म्याची काडी दुरुस्त करत होते.

“भाऊजी, टीव्ही झकास लावलात हं. फक्त दहा इंच वर गेलाय.”

“हो का? मी आईंना विचारूनच लावला. त्या कशा बघतात ते मी आधी—”

“विचारून काय होतंय? लावला त्या दिवशी सगळ्यांना बराच वाटतो. मान बोलायला लागते आठ दिवसांनी.”

भाऊजींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या आणि घाबरलेल्या माणसाकडे ते बहुधा असंच बघत असावेत. “मग तू म्हणशील तसं,” ते म्हणाले. “तुझा धंदा आहे हा, माझा नाही.”

ताईला मात्र राहवलं नाही. “अरे, आई खूश आहे ना? मग तुझं काय अडलंय?”

“मानेला खुशी कळत नाही,” बेचाळीस म्हणाला आणि जिना उतरला. भाऊजींनी इतक्या सहज माघार घेतली याचाही त्याला राग आला. दोन शब्द उलटून बोलले असते तर चार ऐकवता आले असते.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं आईला रोज फोन करायला सुरुवात केली. एरवी गुरुवार ते गुरुवार त्याचा आवाज नसायचा. “मान कशी आहे?” एवढाच विषय. पहिल्या दिवशी आई म्हणाली, मानेला काय धाड भरलीये. दुसऱ्या दिवशी, बरी आहे. तिसऱ्या दिवशी दोघं अर्धा तास बोलली. मानेवरून कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींवर गेली, तिथून त्याच्या लहानपणच्या गोवरावर. आईनं चौतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापड कापण्याचं काम केलं होतं आणि त्या दिवसांच्या गोष्टी तिला एकदा सुरू झाल्या की आवरत नसत. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “आज जरा अवघडल्यासारखी वाटते खरी.”

सलग पाच दिवस मुलाचा फोन आला तर कुठल्याही आईची मान थोडीफार अवघडेलच. पण बेचाळीसला हे सुचण्यासारखी त्याची अवस्था नव्हती. त्यानं फोनवरच रविवार पक्का केला.

रविवारी त्यानं मुद्दाम सगळ्यांना बोलावून घेतलं. ताई आली, भाऊजी आले. टीव्ही उतरवायला भाऊजींनीच दुसरी बाजू धरली. ब्रॅकेट काढलं, भाऊजींच्या चार भोकांत पुट्टी भरली, वरून पालथा हात फिरवून सपाट केली. ती भोकं बुजताना बेचाळीसला जे समाधान झालं ते त्याला नंतर आठवावंसंही वाटलं नाही. मग वर्तमानपत्राचा कागद भिंतीला लागला.

“आई, ये. सोफ्यावर बस. टेकून बस. अशी नाही, नीट मागे टेक.”

आई बसली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, पाठ ताठ, भाऊजींच्या दवाखान्यात नंबराची वाट बघावी तशी. बेचाळीसनं तिच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत दोरी ताणली, खूण केली आणि टेप लावली.

“बेचाळीस,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “अर्धा इंच इकडे नाही, तिकडे नाही.”

ताई काहीतरी म्हणणार होती, तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि कपबशा आवरायला आत गेली.

तासाभरात टीव्ही नव्या जागी लागला. बेचाळीसनं पाणसळ ठेवली, बुडबुडा त्याच्याही बाबतीत बरोबर मध्ये आला. आता फक्त एक गोष्ट व्हायची राहिली होती, आणि खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या एका गोष्टीसाठीच होता. भाऊजींच्या समोर, आईच्या तोंडून, एकदा ऐकायचं होतं.

“कसा वाटतो?”

“छान.”

“आधीपेक्षा?”

आईनं टीव्हीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “छानच आहे रे. तुझ्या हाताला काय तोड आहे.”

हे ऐकायला तो आला होता. मिळालं, आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखं झालं. पण ते त्यानं झटकून टाकलं. सगळे मिळून एक जुना सिनेमा बघत बसले. आई सोफ्यावर त्याच्या आणि ताईच्या मध्ये. दहा मिनिटांत तिची मान छातीवर आली आणि ती घोरायला लागली.

“बघा,” बेचाळीस भाऊजींना हळूच म्हणाला. “मानेवरचा ताण गेला की अशी झोप लागते.”

भाऊजींनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही.

नंतरचे दोन दिवस बेचाळीस हवेत होता. सोमवारी गिऱ्हाईकांना त्यानं गोष्ट सांगितली, नावं न घेता: एका मोठ्या डॉक्टरनं लावलेला टीव्ही आपल्याला कसा उतरवावा लागला. आईला फोन करायचा मात्र राहिला. मानेचा प्रश्न सुटला होता, मग बोलायचं काय?

मंगळवारी दुपारचं काम रद्द झालं. गिऱ्हाईक आईच्याच बाजूला राहत होतं, म्हणून चारच्या सुमाराला हत्यारांच्या पिशवीसकट तो आईकडे वळला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता. आईची रोजची मालिका. त्यानं दार ढकललं आणि तिथेच थांबला.

सोफा रिकामा होता. आई सोफ्याच्या मागे उभी होती. दोन्ही कोपरं सोफ्याच्या पाठीवर टेकलेली, आणि ती कमरेत वाकून, हनुवटी जवळजवळ हातांवर ठेवून, टीव्ही बघत होती. मध्येच ती उठून सरळ झाली, कमरेवर हात ठेवून मागे वाकली, “आई गं” म्हणाली, आणि पुन्हा तशीच ओणवी झाली.

“हे काय?” तो म्हणाला.

आई दचकली. चोरी पकडल्यासारखी ती पटकन सोफ्याला वळसा घालून आली आणि बसली. तळवे गुडघ्यांवर. “ये की. आत्ताच उठले होते जरा.”

“आई, तू अशी उभ्यानं का बघतेस?”

“बसले की डोळा लागतो रे. चौतीस वर्षं त्या टेबलाशी उभी राहिले, कोपरं टेकून. आता तेच बरं वाटतं. बसलं की सगळं अंग झोपतं.”

“आणि वाकून?”

तिनं चष्मा काढून पुसला. “ह्याची खालची काच वाचायची आहे ना. उभं राहून खाली पाहिलं की टीव्ही त्या काचेत जातो, सगळं धुरकट. वाकलं की वरच्या काचेतून दिसतं.” मग घाईनं म्हणाली, “तुझी उंची बरोबरच आहे. मीच बसायला हवं.”

बेचाळीस सोफ्याच्या हातावर टेकला. लहानपणी घरात पहिला टीव्ही आला तेव्हापासून तो आणि ताई पुढे बसायची आणि आईचा आवाज मागून यायचा. आता पडेल बघ तो, आता रडेल ती. गेली चाळीस वर्षं मागूनच येत होता. एकदाही मान वळवून आई कुठे आहे, कशी आहे, हे त्यानं पाहिलं नव्हतं. मानेवर मात्र त्यानं रोज फोन करून व्याख्यान दिलं होतं.

“रविवारी सांगायचंस ना मला.”

“तू इतका हौसेनं आला होतास.”

“डॉक्टरांना बरं सांगितलंस.” हे बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं.

“मी कुठे सांगितलं? त्यांनी विचारलं. म्हणाले, आई, तुम्ही कुठून बघता? मी म्हटलं, इथून. मग मला इथे उभं केलं आणि रिकामा खोका भिंतीला धरून राहिले, मी हो म्हणेपर्यंत. हात भरून आले असतील बिचाऱ्यांचे.”

तुम्ही कुठून बघता. तीन शब्द. भाऊजींच्या दवाखान्याचा, त्यांच्या मानाचा, त्यांच्या थंड डोक्याचा बेचाळीसनं आजवर पुष्कळ हेवा केला होता, पण या तीन शब्दांइतका कशाचाच नाही. रोज पाच घरांत तो लोकांना सोफ्यावर बसवत होता. बसता का, असं त्यानं कुणाला कधी विचारलं नव्हतं.

“ऊठ,” तो म्हणाला. “तुझ्या जागेवर उभी राहा.”

त्यानं पिशवीतला कागद काढला आणि टीव्हीच्या शेजारी भिंतीला धरला. तरी खोड जात नव्हती. भाऊजींचे बावन्न येऊ नयेत म्हणून त्यानं मध्य आधी चोपन्नावर धरला. “आता?”

“जरा वर होतोय.”

पन्नास. “आता?”

“जरासा खाली होतोय.”

“त्रेपन्न असेल तर?”

“मला इंच कळत नाहीत रे. थोडा, अगदी थोडा खाली घे. हां. बस्स.”

त्यानं टेप न लावताच पाहिलं. कागदाचा मध्य रविवारी त्यानं भरलेल्या, टीव्हीच्या वर डोकावणाऱ्या पुट्टीच्या ठिपक्यांच्या नेमका रेषेत येऊन बसला होता. त्यानं कागद चिकटवला, जाऊन आईच्या शेजारी उभा राहिला, कोपरं सोफ्यावर टेकली आणि तिच्या उंचीला येईल इतका झुकला. बरोबर होतं. त्यात काढायला खोट नव्हती.

टीव्ही उतरवायला आणि चढवायला दुसरा माणूस हवा होता. आईच्यानं ते होणार नव्हतं. साडेचार वाजले होते. भाऊजींचा दवाखाना पाचला उघडतो, म्हणजे ते वरच असणार. बेचाळीसनं फोन हातात घेतला आणि नुसताच धरून राहिला.

आईनं ते पाहिलं. “मी सांगते त्यांना,” ती म्हणाली. “म्हणते, यानं लावलेला टीव्ही चांगलाच होता, पण माझी मान पुन्हा धरली. तसं सांगितलं की झालं.”

क्षणभर त्याला ते फार हवंसं वाटलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. भाऊजींनाही खरं वाटलं असतं, निदान त्यांनी तसं दाखवलं असतं. त्यानं फोन लावला आणि जरा खाली येता का, एवढंच म्हणाला.

भाऊजी दोन मिनिटांत आले. भिंतीवरचा कागद त्यांना दिसला, सोफ्यामागे उभी असलेली आई दिसली. त्यांनी आईलाच विचारलं, “काय आई, मान दुखतेय का?”

आईनं तोंड उघडलं. ती ते सांगणार होती, आणि पुढची कितीतरी वर्षं दुखत नसलेली मान धरून बसणार होती.

“मानेला काही झालेलं नाही,” बेचाळीस म्हणाला. “ती कुठून बघते, हे मी विचारलंच नव्हतं.”

भाऊजींनी बाह्या सारल्या. “मी डावी बाजू धरतो,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी, किंवा त्यानंतर कधीही, त्यावर एक शब्द काढला नाही. याचाही बेचाळीसला हेवा वाटला.